परक्याचे पत्र आणि कायद्याचा उंबरठा : टपालविषयक अधिनियमांचे चिकित्सक परीक्षण

दुसऱ्याच्या नावाचे पत्र फोडणे हा गुन्हा आहे, अशी सुशिक्षित समाजात सर्वसाधारण समजूत आहे. शाळेत नागरिकशास्त्र शिकलेला विद्यार्थी ती बाळगतो आणि महाविद्यालयात विधिशास्त्र शिकविणारा प्राध्यापकही पुष्कळदा ती तपासून पाहत नाही. ही समजूत पूर्णांशाने खरी कधीच नव्हती. १८ जून २०२४ रोजी टपाल कार्यालय अधिनियम, २०२३ अंमलात आल्यापासून तर तिचा उरलासुरला आधारही डळमळीत झाला आहे. पत्राच्या गुप्ततेला भारतीय कायद्याने कोठवर संरक्षण दिले, ते कोणत्या टप्प्यावर संपते आणि त्याची झळ कोणाला पोहोचते, याचे परीक्षण प्रस्तुत लेखात केले आहे. या विषयाचा यवतमाळशी असलेला संबंध केवळ उदाहरणापुरता नाही. तो थेट भारतीय राज्यघटनेच्या निर्मितीशी जाऊन भिडतो.

१८९८ चा अधिनियम : थैली ते दार

भारतीय टपाल अधिनियम, १८९८ हा वसाहतकालीन कायदा सव्वाशे वर्षे टिकला. त्याचे गुन्हेविषयक प्रकरण कडक होते. कर्तव्याच्या विरुद्ध टपाल वस्तू उघडणाऱ्या, रोखून धरणाऱ्या किंवा तिला विलंब लावणाऱ्या टपाल कर्मचाऱ्यास कलम ५३ अन्वये दोन वर्षांपर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही शिक्षा होत असत. टपाल वस्तूची चोरी, अपहार किंवा नाश केल्यास कलम ५२ प्रमाणे ही मर्यादा सात वर्षांपर्यंत जाई. त्रयस्थ व्यक्तीसाठी कलम ६७ व ६८ होती. दुसऱ्यास मिळावयास हवी अशी टपाल वस्तू लबाडीने ठेवून घेणे वा दडविणे, आणि मार्गातील टपाल अडविणे किंवा टपालाची थैली उघडणे, ही कृत्ये त्यांखाली दंडनीय होती.

वरवर पाहता ही तटबंदी भक्कम वाटते. तथापि कलम ६७ आणि ६८ या दोहोंतील कळीचा शब्दप्रयोग ‘टपालाद्वारे पारेषणाच्या मार्गात असलेली वस्तू’ हा आहे. हा मार्ग कोठे संपतो, याचे उत्तर कलम ३ मध्ये दिलेले होते. प्राप्तकर्त्याच्या घरी वा कार्यालयात, किंवा त्याचा नोकर, प्रतिनिधी अथवा नेहमीच्या पद्धतीप्रमाणे टपाल स्वीकारण्यास अधिकृत समजली जाणारी अन्य व्यक्ती यांच्या हाती वस्तू दिली की ती प्राप्तकर्त्यालाच दिली असे मानले जाई. पाहुणा म्हणून वा हॉटेलात राहणाऱ्यासाठी मालक किंवा व्यवस्थापक यांच्या हाती दिलेले पत्रही त्याला पोहोचले असेच कायदा धरी.

या कलमाचा अर्थ नीट लक्षात घेतला पाहिजे. पोस्टमन ओसरीवर पत्र टाकतो त्या क्षणी कायद्याच्या दृष्टीने पत्राचा प्रवास पूर्ण होतो. त्यानंतर सुनेचे माहेरहून आलेले पत्र सासूने फोडले, थोरल्या भावाने धाकट्याचे पत्र वाचून पुन्हा खळ लावून चिकटविले, वसतिगृहाच्या अधीक्षकाने मुलीचे पत्र उघडून मगच तिला दिले, तर यांपैकी कोणतेही कृत्य या दोन कलमांत बसत नव्हते. कायद्याने पत्राचे रक्षण केले ते सरकारी टपालयंत्रणेच्या विश्वासार्हतेसाठी. पत्र लिहिणाऱ्याचा वा ज्याच्यासाठी ते लिहिले त्याचा एकांत हा त्याचा विषयच नव्हता. थैली पवित्र होती, पाकीट नव्हे.

अन्य देशांशी तुलना केली असता हा फरक ठळक होतो. अमेरिकेच्या संघीय दंडविधानात ज्याच्या नावे पत्र आहे त्याच्या हाती ते प्रत्यक्ष पडण्यापूर्वी, त्याच्या खासगी गोष्टींत डोकावण्याच्या हेतूने ते घेणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत शिक्षा सांगितली आहे. तेथे घराचा उंबरठा ही सीमारेषा नाही. जर्मन दंडसंहितेच्या कलम २०२ मध्ये स्वतःसाठी नसलेले बंद पत्र अनधिकृतपणे उघडणे हाच गुन्हा मानला आहे. पत्र टपालाने आले की कोणी हस्ते पाठविले, हा प्रश्नच तेथे उद्भवत नाही. ब्रिटनच्या २००० च्या टपालसेवा अधिनियमानेही चुकून आपल्याकडे आलेले दुसऱ्याचे टपाल त्याच्या अहिताच्या हेतूने आणि वाजवी कारणाविना उघडणे दंडनीय ठरविले.

कुटुंब नावाचा प्राप्तकर्ता

कुटुंबातील एकाच्या हाती पडलेले कागद सर्वांच्या हाती पडले, ही धारणा केवळ टपाल कायद्याची नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ५, नियम १५ नुसार प्रतिवादी घरी नसल्यास त्याच्यासोबत राहणाऱ्या कोणत्याही सज्ञान कुटुंबीयावर समन्स बजावता येते. सर्वसाधारण वाक्खंड अधिनियम, १८९७ चे कलम २७ योग्य पत्त्यावर नोंदणी टपालाने पाठविलेला कागद मिळाला असे गृहीत धरते. धनादेश न वटल्यास पराक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ खालील नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत रक्कम द्यावी लागते. नोटीस खरोखरच हाती आली नव्हती असे म्हणणाऱ्यास सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये सी. सी. अलवी हाजी प्रकरणात एक पळवाट ठेवली, ती न्यायालयाचे समन्स मिळाल्यापासून पंधरा दिवसांत रक्कम भरण्याची. म्हणजे दडविलेल्या पत्राची किंमत, व्यवहारात, ज्याच्यापासून ते दडविले त्यानेच मोजायची.

यवतमाळसारख्या कोरडवाहू कापूस पिकविणाऱ्या जिल्ह्यात हा मुद्दा पुस्तकी राहत नाही. झरी-जामणी, मारेगाव वा घाटंजी तालुक्यांतील पोडांवर आणि तांड्यांवर येणारे टपाल प्रेमपत्रांचे क्वचितच असते. बँकेची कर्जवसुलीची नोटीस, जमिनीच्या फेरफाराची सूचना, नवीन एटीएम कार्ड, आधारपत्र, न्यायालयाचे समन्स असे ते कागद असतात. एकत्र कुटुंबात शेतजमिनीवरून वाद असेल आणि फेरफाराची नोटीस एका भावाने घेऊन दुसऱ्यास दाखविली नाही, तर हरकत घेण्याची मुदत निघून जाते. अशा भावावर टपाल कायद्याखाली आज काहीही करता येत नाही. १ सप्टेंबर २०२५ पासून नोंदणी टपाल ही स्वतंत्र सेवा स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली. टपालाची वाट बदलली, परंतु घरात पोहोचलेल्या कागदाचे काय होते हा प्रश्न होता तेथेच आहे.

पत्र कोण उघडतो याविषयीची न्यायालयांची गृहीतके बदनामीच्या खटल्यांत अधिक उघड होतात. बदनामीकारक मजकूर त्रयस्थाच्या वाचनात आला तरच ती ‘प्रसिद्धी’ ठरते. इंग्लंडमध्ये १९१५ च्या ह्यूथ खटल्यात घरच्या नोकराने कुतूहलापोटी पाकिटातील मजकूर वाचला. ही प्रसिद्धी नव्हे, कारण नोकर मालकाचे पत्र उघडील अशी अपेक्षा कोणी करीत नाही, असा निर्णय झाला. १९६२ च्या थीकर खटल्यात पत्नीच्या नावाचे बंद पाकीट पतीने उघडले. ते उघडले जाणे संभाव्य होते म्हणून ती प्रसिद्धी ठरली. पाकीट निवडणूक प्रचारपत्रकासारखे दिसत होते हे खरे. परंतु दोन्ही निर्णय शेजारी ठेवून वाचले की जाणवते ते हे : नोकराने धन्याचे पत्र उघडणे कायद्याला आश्चर्यकारक वाटते, नवऱ्याने बायकोचे उघडणे वाटत नाही.

भारतीय वास्तवाला अधिक जवळचा निर्णय पाटणा उच्च न्यायालयाचा आहे. १९५८ च्या त्या निर्णयातील वादीला उर्दू वाचता येत नव्हते. उर्दूतील पत्र त्याला दुसऱ्याने वाचून दाखविले. वादीला उर्दू येत नाही हे लिहिणाऱ्यास ठाऊक असल्याचे सिद्ध न झाल्याने ती प्रसिद्धी ठरली नाही. कोलामी वा गोंडी बोलणाऱ्या, मराठी लिपी न वाचणाऱ्या माणसाचे पत्र पिढ्यान्‌पिढ्या शिक्षक किंवा पोस्टमन यांनीच वाचून दाखविले आहे. तेथे दुसऱ्याने पत्र उघडणे हा अपराध नसून उपकार होता. पत्रगुप्ततेचा कोणताही कायदा या संमतीला जागा ठेवूनच लिहावा लागेल, हे युरोपीय नमुने उचलताना विसरले जाते.

घटना समितीतील यवतमाळचा आवाज

पत्राची गुप्तता मूलभूत हक्क व्हावी, असा प्रयत्न घटना समितीत झाला होता. कन्हैयालाल मुन्शी यांनी मार्च १९४७ मध्ये मूलभूत हक्क उपसमितीपुढे ठेवलेल्या मसुद्यात पत्रव्यवहाराच्या गुप्ततेचा हक्क होता. उपसमितीच्या अहवालात तो उतरलाही. मात्र त्यास सार्वजनिक आणीबाणी वा सार्वजनिक सुरक्षितता व शांतता यांसाठी टपाल अडविण्याची मुभा देणारे परंतुक जोडलेले होते. त्या परंतुकाची भाषा १८९८ च्या अधिनियमातील कलम २६ ची जवळजवळ नक्कल होती, ही बाब उद्बोधक आहे. अल्लादी कृष्णस्वामी अय्यर आणि बी. एन. राव यांचे या हक्काविषयीचे आक्षेप पुराव्याच्या व तपासाच्या अडचणींवर भर देणारे होते. सल्लागार समितीने अखेर तो वगळला.

दीड वर्षानंतर, ३ डिसेंबर १९४८ रोजी, मध्यप्रांत व वऱ्हाडचे प्रतिनिधी आणि यवतमाळचे वकील काझी सय्यद करीमुद्दीन यांनी मसुद्याच्या अनुच्छेद १४ ला एक दुरुस्ती सुचविली. व्यक्ती, घर, कागदपत्रे आणि चीजवस्तू यांची अवाजवी झडती व जप्ती होऊ नये, आणि सबळ कारणाशिवाय वॉरंट निघू नये, असा तिचा आशय होता. तिचा नमुना अमेरिकेच्या चौथ्या घटनादुरुस्तीचा होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ही तरतूद उपयुक्त असल्याचे सांगून ती स्वीकारण्याची तयारी दर्शविली. तीत नवीन काही नाही, ती फौजदारी प्रक्रियेत आहेच, परंतु विधिमंडळाच्या हाताबाहेर ती ठेवणे इष्ट ठरेल, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. मसुदा समितीच्या अध्यक्षांचा पाठिंबा लाभूनही सभागृहात मतदानावरून घोळ झाला, मतदान लांबले आणि शेवटी दुरुस्ती नामंजूर झाली.

या नामंजुरीचे परिणाम दूरगामी ठरले. १९५४ मध्ये एम. पी. शर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या आठ न्यायमूर्तींनी, घटनाकारांनी अमेरिकन चौथ्या दुरुस्तीसारखा हक्क दिलेला नाही, तेव्हा तो न्यायालयाने आयात करण्याचे कारण नाही, अशी भूमिका घेतली. १९६२ च्या खडकसिंग निर्णयातील बहुमतही खासगीपणाला हक्क मानण्यास तयार झाले नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी प्रकरणात ही दोन्ही मते त्या मर्यादेपर्यंत रद्द ठरविली आणि खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले. त्या निकालपत्रात करीमुद्दीन यांच्या दुरुस्तीची चर्चा आहे. यवतमाळच्या वकिलाने मांडलेली मागणी मान्य होण्यास जवळजवळ एकोणसत्तर वर्षे लागली. जिल्ह्याच्या इतिहासलेखनात लोकनायक बापूजी अणे यांना जे स्थान आहे, त्याचा अल्पांशही करीमुद्दीन यांच्या वाट्यास आलेला नाही, हे येथे नमूद करणे अप्रस्तुत होणार नाही.

शासनाचा हात

कलम २६ ने केंद्र व राज्य शासनास सार्वजनिक आणीबाणीत किंवा सार्वजनिक सुरक्षितता व शांततेसाठी लेखी आदेशाने टपाल अडविण्याचा अधिकार दिला होता. आणीबाणी खरोखरच होती काय, अशी शंका निघाल्यास शासनाचे स्वतःचे प्रमाणपत्र हाच निर्णायक पुरावा! विधी आयोगाने १९६८ च्या अडतिसाव्या अहवालात या अधिनियमाचा परामर्श घेतला. १९८६ मध्ये संसदेने संमत केलेल्या दुरुस्ती विधेयकाने हे अधिकार विस्तृत केले असते. परंतु राष्ट्रपती झैलसिंग यांनी त्यास संमती दिली नाही, रामस्वामी वेंकटरामन यांनी १९९० मध्ये ते फेरविचारार्थ परत पाठविले आणि २००२ मध्ये ते मागे घेण्यात आले.

महाराष्ट्रातील एक निर्णय या संदर्भात विसरता येत नाही. भारत संरक्षण नियमांखाली मुंबईच्या कारागृहात स्थानबद्ध असलेले प्रभाकर पांडुरंग संझगिरी यांनी अणूच्या अंतरंगाविषयी मराठीत एक शास्त्रीय पुस्तक लिहिले आणि प्रकाशनासाठी हस्तलिखित पत्नीकडे पाठविण्याची परवानगी मागितली. राज्य शासनाने ती नाकारली. सर्वोच्च न्यायालयाने १९६५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचा निर्णय कायम करून, नियमांनी न घातलेले बंधन स्थानबद्धावर लादता येत नाही, असे ठरविले. तुरुंगातील कागदालाही कायद्याविना अडविता येत नाही, हे तत्त्व त्यातून स्थिरावले.

दूरध्वनीबाबत १९९६ च्या पी.यू.सी.एल. निर्णयाने गृहसचिवाचा आदेश, कालमर्यादा आणि पुनर्विलोकन समिती ही चौकट घालून दिली. टपालासाठी तशी चौकट मूळ अधिनियमातच घालण्याची संधी २०२३ मध्ये आली होती. ती वाया गेली. नव्या अधिनियमाच्या कलम ९ अन्वये राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्रीसंबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, आणीबाणी, सार्वजनिक सुरक्षितता, किंवा कोणत्याही कायद्याचा भंग, एवढ्या कारणांसाठी केंद्र शासन अधिकृत करील तो अधिकारी टपाल अडवू, उघडू वा रोखू शकतो. ‘कोणत्याही कायद्याचा भंग’ ही शब्दयोजना इतकी सैल आहे की तिच्यापुढे वसाहतकालीन कलम २६ संयमी वाटावे. पुट्टस्वामी निर्णयाने सांगितलेली प्रमाणबद्धतेची कसोटी या शब्दांना लागू करून पाहिल्यास ते तीत उतरणे कठीण आहे.

याहूनही खटकणारी गोष्ट दुसरी आहे. २०२३ च्याच जन विश्वास अधिनियमाद्वारे १८९८ च्या अधिनियमातील सर्व गुन्हे वगळण्यात आले होते; नव्या अधिनियमात ते परत आले नाहीत. पत्र उघडणाऱ्या टपाल कर्मचाऱ्यास त्यात शिक्षाच नाही. कलम १० त्याला दायित्वातून मुक्त करते. अपवाद आहेत ते लबाडीचे आणि हेतुपुरस्सर हानी, विलंब वा चुकीचा बटवडा केल्याचे. निव्वळ उघडून वाचणे त्या यादीत नाही. सामान्य फौजदारी कायदा आहेच, असे उत्तर यावर दिले जाऊ शकते. भारतीय न्याय संहितेतील चोरीला (कलम ३०३) व अपहाराला (कलम ३१४) अप्रामाणिक हेतू, म्हणजे मालमत्तेचा गैरलाभ वा गैरहानी लागते. पत्र वाचून जसेच्या तसे परत ठेवणाऱ्याने मालमत्तेचे काय बिघडविले? कलम ३३४ बंद पात्र फोडण्याविषयी आहे; पाकीट हे ‘पात्र’ आणि मजकूर ही ‘मालमत्ता’ मानली तरी अप्रामाणिकपणा वा आगळिकीचा हेतू दाखवावा लागेलच. लोकसेवकाने कायद्याच्या निदेशाची अवज्ञा केल्यास कलम १९८ आहे. परंतु ‘पत्र उघडू नये’ असा निदेशच नव्या अधिनियमात नसेल तर अवज्ञा कशाची? खातेनिहाय शिस्तभंगाची कारवाई तेवढी उरते.

विजेचे पत्र, कागदाचे पत्र

ई-मेलची स्थिती याच्या उलट आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० चे कलम ४३ परवानगीविना संगणकात प्रवेश करणाऱ्यास भरपाईस पात्र ठरविते. तेच कृत्य अप्रामाणिकपणे वा लबाडीने केल्यास कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. येथे घराचा उंबरठा आड येत नाही. २०१० मध्ये महाराष्ट्राच्या अभिनिर्णय अधिकाऱ्यापुढे आलेल्या तक्रारीत सुनेने पती व सासरे यांची ई-मेल खाती त्यांच्या परवानगीविना उघडून त्यातील मजकूर आपल्या छळाच्या तक्रारीसाठी पोलिसांना दिला होता. ऑक्टोबर २०११ च्या आदेशात कलम ४३ चा भंग झाल्याचे मान्य करण्यात आले. मात्र मजकूर केवळ पोलीस व न्यायालय यांच्याकडेच गेल्याने भरपाई नाकारून शंभर रुपयांचा नाममात्र दंड शासनतिजोरीत भरण्यास सांगण्यात आले. आदेशाचा तोल वाखाणण्यासारखा आहे. त्याने हक्कभंग झाला हे लपविले नाही आणि पीडितेला पुरावा गोळा केल्याबद्दल चिरडलेही नाही. मात्र त्याच घरात सुनेने सासऱ्यांच्या नावाचे कागदी पाकीट फोडले असते, तर तिच्यावर कोणतीच तक्रार चालली नसती.

विसंगती येथेच थांबत नाही. स्त्रीच्या ई-मेलवर वा अन्य इलेक्ट्रॉनिक संदेशांवर पाळत ठेवणारा पुरुष न्याय संहितेच्या कलम ७८ प्रमाणे पाठलागाचा गुन्हेगार ठरतो. तिची पत्रे रोज फोडणारा ठरत नाही. टपाल अधिनियम आणि दूरसंचार अधिनियम या दोहोंना २४ डिसेंबर २०२३ या एकाच दिवशी राष्ट्रपतींची संमती मिळाली. दूरसंचार अधिनियमाच्या कलम ४२ ने संदेश बेकायदा अडविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा दोन कोटी रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही सांगितले. टपाल अधिनियमाने काहीच सांगितले नाही. हातात स्मार्टफोन असलेल्याचा एकांत मौल्यवान आणि पोस्टमनची वाट पाहणाऱ्याचा नगण्य, असा याचा अर्थ निघतो. हा अर्थ संसदेला अभिप्रेत नसेलही; कलमे मात्र तेच बोलतात.

उघडलेल्या पत्राचा पुरावा

पत्र गैरमार्गाने मिळविले म्हणून न्यायालय ते बाजूला ठेवील, ही अपेक्षाही फोल आहे. मुंबईच्या मृत्युसमीक्षकाविरुद्धच्या आर. एम. मलकानी खटल्यात १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संबद्ध पुरावा तो कसा मिळविला यावरून त्याज्य ठरत नाही, हे तत्त्व पक्के केले. पतीने १९६४ मध्ये मुंबईहून पत्नीस लिहिलेली पत्रे तिने वडिलांच्या हाती दिली, त्यातून उद्भवलेल्या बदनामीच्या खटल्यात १९६८ मध्ये, पत्नीची साक्ष वर्ज्य असली तरी पत्रे अन्य मार्गाने सिद्ध करता येतील, असे ठरले. जुलै २०२५ मध्ये वैवाहिक वादात जोडीदाराचे चोरून ध्वनिमुद्रित केलेले संभाषणही ग्राह्य धरण्यात आले. सत्यशोधनाच्या दृष्टीने हे समजण्यासारखे आहे. परंतु पुरावा घेणे आणि कृत्य निर्दोष मानणे या भिन्न गोष्टी आहेत, आणि कागदी पत्राबाबत दुसऱ्या गोष्टीला उत्तर देणारी तरतूदच नाही.

वसतिगृहाचे टपाल

महाविद्यालयीन प्राध्यापकवर्गाशी या प्रश्नाचा थेट संबंध वसतिगृहात येतो. पांढरकवडा व पुसद येथील एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पांच्या कक्षेतील शासकीय वसतिगृहे आणि आश्रमशाळा, तसेच अनुदानित महाविद्यालयांची मुलींची वसतिगृहे, येथील टपाल एकगठ्ठा कार्यालयात येते. जुन्या कलम ३ ची कल्पना लावली तर कार्यालयात पोहोचलेले पत्र विद्यार्थिनीला पोहोचले. शासकीय वसतिगृह हे अनुच्छेद १२ च्या अर्थाने ‘राज्य’ आहे. पुट्टस्वामी निर्णयानंतर तेथील अधीक्षकाने मुलीचे पत्र उघडणे हा मूलभूत हक्काचा भंग ठरू शकतो. केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये एका अनुदानित महाविद्यालयाच्या वसतिगृहातील मोबाइलबंदीविरुद्ध विद्यार्थिनीच्या बाजूने निर्णय देताना खासगीपणा व शिक्षण या दोन्ही हक्कांचा आधार घेतला. पत्राबाबत न्यायालय याहून वेगळे म्हणेल, असे मानण्यास जागा नाही. विद्यार्थिनी अज्ञान असल्यास पालकत्वाचा युक्तिवाद पुढे केला जातो; परंतु पालकत्व पालकाचे असते, अधीक्षकाचे नव्हे. आणि पदवी वर्गातील बहुतेक मुलींनी तर अठरा वर्षे पूर्ण केलेली असतात.

शिष्यवृत्तीचे पत्र, बँकेचे कार्ड, नोकरीच्या मुलाखतीचे बोलावणे अशी पाकिटे कार्यालयात फोडली गेल्यास वा पडून राहिल्यास मुलीला दंडविधानात आधार नाही आणि दिवाणी दाव्याची ऐपत नाही. आवक टपालाच्या नोंदवहीत पाकीट बंद स्थितीत मिळाल्याची तारीख लिहून विद्यार्थिनीची स्वाक्षरी घेण्यासाठी मात्र कोणत्याही अधिनियमात दुरुस्ती लागत नाही. प्राचार्यांचे एक परिपत्रक पुरते.